शाळा व धर्मसंस्थांची मानचिन्हे : रचना, रेखाटन आणि जयगड परिसराचा संदर्भ

प्रस्तावना

शाळा सोडल्याच्या दाखल्याचा माथा, मुख्याध्यापकांच्या सहीशेजारचा गोल शिक्का, गणवेशाचा खिसा आणि प्रवेशद्वारावरील कमान या चार ठिकाणी शाळेचे चिन्ह एकच असावे, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात ही चार चिन्हे अनेकदा चार तऱ्हेची आढळतात. दाखल्यावरील समईला पाच ज्योती, शिक्क्यातील समईला तीन आणि कमानीवर समईच्या जागी मशाल, असा प्रकार ग्रामीण भागात नवा नाही. मूळ रेखाटन कपाटात कुठेतरी हरवते, पुढचा मुद्रक मागच्या छापील कागदावरून नवी प्रत काढतो, त्या प्रतीवरून संगणकचालक तिसरी काढतो आणि प्रत्येक टप्प्यावर चिन्ह थोडे थोडे बदलत जाते. नोकरीसाठी मुंबईस किंवा आखाती देशांत जाणाऱ्या कोकणी तरुणाचा दाखला परक्या कार्यालयात तपासला जातो, तेव्हा कागदाचा माथा व शिक्का यांतील विसंगती प्रथम नजरेत भरते. दाखला खरा असूनही शंका विद्यार्थ्याच्या वाट्यास येते.

प्रस्तुत लेखात शाळा व धर्मसंस्था यांच्या मानचिन्हांची रचना, रेखाटन व जतन यांचा विचार रत्नागिरी तालुक्यातील जयगड परिसर समोर ठेवून केला आहे. मानचिन्ह आधी शब्दांत निश्चित व्हावे आणि मगच चित्रात उतरावे, हे या विवेचनाचे मुख्य सूत्र आहे.

संज्ञा व परंपरा

मराठीत लांछन, मुद्रा, बोधचिन्ह आणि मानचिन्ह हे शब्द बरेचदा एकमेकांच्या जागी वापरले जातात. बोधचिन्ह हा शब्द आज व्यापारी कंपन्यांच्या चिन्हांसाठीही रूढ झाला आहे. येथे मानचिन्ह हा शब्द ढाल, तीवरील आकृत्या व ब्रीदवाक्य अशी रचना असलेल्या संस्थाचिन्हासाठी योजला आहे. युरोपात याचे हेराल्ड्री नावाचे स्वतंत्र शास्त्र विकसित झाले व इंग्लंडमध्ये १४८४ पासून त्यासाठी राजमान्य कार्यालय आहे. भारतात असे कार्यालय नाही. त्यामुळे चिन्ह ठरविण्याचे स्वातंत्र्य आणि ते जपण्याची जबाबदारी या दोन्ही गोष्टी संस्थेकडेच राहतात.

ढाल परकी असली, तरी चिन्हाने अधिकार व्यक्त करण्याची कल्पना कोकणास परकी नाही. शिलाहारांच्या ताम्रपटांवर गरुडाची मुद्रा आढळते, तर गोव्याच्या कदंबांचे लांछन सिंह होते. छत्रपती शिवाजी महाराजांच्या अष्टकोनी राजमुद्रेत चित्र नाही, केवळ संस्कृत मजकूर आहे. मराठेशाहीतील पत्रांच्या शेवटी उमटविले जाणारे मोर्तब तर या दृष्टीने विशेष लक्षणीय ठरते. मजकूर येथे संपला, यापुढे कोणी काही वाढवू नये, असा त्याचा व्यावहारिक अर्थ होता. शाळेच्या शिक्क्याचे नाते ढालीपेक्षा या मोर्तबाशी अधिक जवळचे आहे.

ढालीचे मानचिन्ह भारतात मोठ्या प्रमाणावर आले ते १ जानेवारी १८७७ च्या दिल्ली दरबाराच्या निमित्ताने. बंगाल मुलकी सेवेतील रॉबर्ट टेलर यांनी संस्थानिकांसाठी युरोपीय धर्तीची मानचिन्हे तयार केली व ती रेशमी पताकांवर भरतकामाने उतरविण्यात आली. दांडे व पितळी सामानासह त्या पताका इतक्या जड झाल्या की त्या पेलणे कठीण गेले. रचनाकाराने वस्तूचा उपयोग आधी विचारला नाही म्हणजे काय होते, याचे हे बोलके उदाहरण होय. या दरबाराच्या सजावटीशी लॉकवुड किपलिंग यांचाही संबंध होता. १८६५ ते १८७५ या काळात ते मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत अध्यापक होते. अजमेरच्या मेयो कॉलेजचे मानचिन्ह त्यांनीच तयार केले. त्यात ढालीच्या दोन बाजूंना इंग्लंडमधील सिंह वा शृंगाश्व न घेता त्यांनी एक भिल्ल व एक राजपूत योद्धा उभा केला. चौकट परकी, आशय स्थानिक, ही वाट त्यांनी एकोणिसाव्या शतकातच दाखविली होती. पुढे कित्येक शाळांनी मात्र चौकटीबरोबर सरदारी शिरस्त्राणही उचलले. कोकणातील शाळेच्या माथ्यावर अशा शिरस्त्राणाचे प्रयोजन काय, याचे उत्तर देणे अवघड आहे.

चौकट पूर्णपणे बाजूला ठेवूनही उत्तम चिन्ह होऊ शकते. रामकृष्ण मठ व मिशनचे चिन्ह स्वामी विवेकानंदांनी स्वतः कल्पिले. त्यातील खळाळते पाणी कर्माचे, कमळ भक्तीचे, उगवता सूर्य ज्ञानाचा, वेटोळे घातलेला नाग योगाचा आणि हंस परमात्म्याचा निदर्शक आहे. पाच आकृत्या असूनही चिन्ह विस्कळीत वाटत नाही, कारण प्रत्येकीला अर्थ नेमून दिलेला आहे व तो लिखित आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेने एकच आकृती घेतली, ती वटवृक्षाची. पारंब्या जमिनीत रुजून नवे खोड होते, ही गोष्ट खेड्यातील मुलाला समजावून सांगावी लागत नाही.

वर्णनवाक्य

हेराल्ड्रीतील सर्वांत उपयुक्त गोष्ट ढाल नसून वर्णनवाक्य आहे. चिन्हाचे क्षेत्र कोणत्या रंगाचे, त्यावर कोणती आकृती, कोणत्या रंगाची, किती व कोठे, हे ठरावीक क्रमाने एका वाक्यात सांगितले जाते. ते वाक्य हेच खरे मानचिन्ह मानले जाते. चित्र हा त्याचा केवळ एक आविष्कार. दोन चित्रकारांनी काढलेले बुरूज थोडे वेगळे दिसले तरी वाक्याशी जुळत असतील, तर दोन्ही अधिकृत ठरतात. समईच्या ज्योती पाच की तीन, हा वाद मग उद्भवतच नाही. वाक्य वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. उजवी-डावी बाजू ढाल धारण करणाऱ्याची धरली जाते, म्हणून पाहणाऱ्याच्या डाव्या हाताची बाजू ही ढालीची उजवी बाजू होय.

जयगडसाठी आकृत्यांचा तोटा नाही. शास्त्री नदीच्या मुखावर उभा असलेला, विजापूरकरांच्या काळातील व पुढे कान्होजी आंग्र्यांच्या ताब्यात आलेला किल्ला, त्याचे बुरूज आणि खंदक, खाडीपलीकडील तवसाळ, दीपगृह, आंग्र्यांच्या आरमारातील गुराब व गलबत, सागरकाठचा कऱ्हाटेश्वर, मासेमारांच्या होड्या यांपैकी काहीही घेता येईल. अडचण निवडीची आहे. सर्व काही एका ढालीत कोंबण्याचा मोह व्यवस्थापन समितीला हमखास होतो. किल्ल्याचे बांधकाम टिकावे म्हणून जयबा नावाच्या तरुणाने आत्मबलिदान केले व त्यावरून गडास नाव मिळाले, अशी आख्यायिका सांगितली जाते. हा प्रसंग ढालीवर असावा, अशी सूचना कोणी केल्यास ती समजण्यासारखी आहे. परंतु मनुष्याकृती शिक्क्याच्या आकारात केवळ डाग होऊन उरते. बुरुजाच्या दारातील एक दिवा तीच आठवण अधिक स्वच्छपणे जागवू शकेल.

बंदर व वीज प्रकल्प आल्यापासून जयगड हे नाव बाहेरच्या जगात बहुधा उद्योगाच्या संदर्भात पोहोचते. गावाने स्वतःची ओळख स्वतः रेखाटावी, अशा जागा थोड्याच उरल्या आहेत आणि शाळेचे मानचिन्ह ही त्यांपैकी एक आहे. उगवता सूर्य, उघडे पुस्तक व कमळ ही त्रयी मुद्रकाच्या तयार संग्रहातून घेतली, तर ती संधी वाया जाते. त्या चिन्हावरून शाळा जयगडची की जालन्याची, हे कळत नाही.

रंगांचा नियम

हेराल्ड्रीत सोनेरी व रुपेरी हे दोन धातू मानले आहेत; तांबडा, निळा, काळा, हिरवा व जांभळा हे प्रमुख रंग. धातूवर धातू किंवा रंगावर रंग ठेवू नये, हा मूळ नियम. तो रणांगणावर दुरून ओळख पटावी यासाठी रुजला असे मानतात; आज तो काळ्या-पांढऱ्या छायाप्रतीत कामास येतो. जयगडच्या बाबतीत या नियमाची कसोटी लगेच लागते. जांभ्याचा तांबडा आणि समुद्राचा निळा हे येथील निसर्गाचे दोन ठळक रंग, पण निळ्या क्षेत्रावर तांबडा बुरूज काढला की छायाप्रतीत दोन्ही एकाच करड्या छटेत बुडतात. भगवा रंग पिवळ्यावर असाच विरतो. म्हणून बुरूज रुपेरी करावा किंवा क्षेत्र रुपेरी करून बुरूज तांबडा ठेवावा. उदाहरणादाखल एक वर्णनवाक्य असे होईल : निळे क्षेत्र, त्यावर तीन चर्यांचा रुपेरी बुरूज, त्याच्या निळ्या दारात सोनेरी दिवा, तळाच्या तृतीयांशात तीन रुपेरी नागमोडी पट्टे.

रंग छापणे शक्य नसेल तेथे सतराव्या शतकातील जेझुइट विद्वान पेत्रा सांक्ता यांच्या नावे ओळखली जाणारी रेषापद्धती वापरता येते. तीत सोनेरीसाठी ठिपके, रुपेरीसाठी कोरी जागा, तांबड्यासाठी उभ्या रेषा, निळ्यासाठी आडव्या, हिरव्यासाठी तिरप्या व काळ्यासाठी उभ्या-आडव्या छेदणाऱ्या रेषा असतात. रबरी शिक्क्यात मात्र या बारीक रेषा शाईने भरून जातात. तेथे केवळ बाह्यरेषा ठेवणे इष्ट.

धर्मसंस्थांची चिन्हे

धर्मसंस्थेचे चिन्ह काढताना काय काढावे याइतकेच काय काढू नये हेही महत्त्वाचे असते. कॅथलिक चर्चमध्ये याविषयीचे नियम स्पष्ट आहेत. ढालीवर शिरस्त्राण न ठेवता रुंद काठाची टोपी ठेवतात व तिच्या दोन्ही बाजूंना गोंडे सोडतात. बिशपची टोपी हिरवी व गोंडे प्रत्येक बाजूस सहा, आर्चबिशपचे दहा, कार्डिनलची टोपी तांबडी व गोंडे पंधरा. बिशपच्या ढालीमागे साधा क्रूस असतो, तर आर्चबिशपच्या क्रुसाला दोन आडव्या पट्ट्या असतात. १९६९ च्या व्हॅटिकनच्या आदेशानंतर बिशपच्या चिन्हातून मुकुट व धर्मदंड गळले. २००५ मध्ये पुणे धर्मप्रांतातून सिंधुदुर्ग धर्मप्रांत वेगळा झाला व रत्नागिरी जिल्हा त्यात आला. गोव्याचे आर्चबिशप फिलिप नेरी फेर्राव २०२२ मध्ये कार्डिनल झाले. अशा वेळी हिरव्या टोपीच्या जागी तांबडी येते. गोंडे मोजून काढणे ही येथे चित्रकाराची पहिली जबाबदारी असते.

देवस्थानांचा प्रश्न निराळा आहे. पावती, पाकीट, प्रसादाची पिशवी या वस्तू वापरून टाकून दिल्या जातात व पायदळी येतात. देवतेचे मुख त्यांवर छापणे अनेक भाविकांना रुचत नाही. अशा ठिकाणी आयुध किंवा वाहन हा उत्तम पर्याय ठरतो. शिवमंदिरासाठी त्रिशूळ व डमरू, गणेशमंदिरासाठी पाश व अंकुश यांनी ओळख पूर्ण होते आणि रेखाटनही सोपे जाते. मशीद वा मदरसा यांच्या चिन्हांत सजीवांची आकृती टाळली जाते. तेथे भौमितिक नक्षी, कमान व सुलेखन यांस मोठा वाव आहे. बौद्ध संस्थांच्या धम्मचक्रात आऱ्यांची संख्या वर्णनवाक्यात लिहून ठेवणे आवश्यक असते, अन्यथा आठ व चोवीस यांची सरमिसळ होते.

देवनागरी ब्रीदवाक्य

रोमन मोठी अक्षरे एका उंचीची असल्याने वक्र फितीवर सहज बसतात. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार व खाली उकार, जोडाक्षरे असा पसारा असतो. अक्षराच्या देहाइतकीच जागा वर-खाली मिळून सोडावी लागते. गोल शिक्क्यात शिरोरेषा हेच एक वर्तुळ मानून अक्षरे त्यास लोंबती ठेवावीत. मात्र वर्तुळाच्या खालच्या अर्ध्या भागात अक्षरे उलटी दिसू नयेत म्हणून दिशा फिरविली, की वेलांट्या आतल्या आकृतीवर आदळतात. संस्थेचे नाव वरच्या कमानीत व गावाचे नाव तळाशी सरळ ओळीत, ही मांडणी त्यामुळे सोयीची. ब्रीदवाक्य आखूड असावे. ढालीची रुंदी व उंची सुमारे पाचास सहा या प्रमाणात घेऊन, आकृतीने क्षेत्र भरेल अशी आखणी करावी व अंतिम रेखाटन पंधरा मिलिमीटरपर्यंत लहान करून पाहावे. त्या आकारात जे दिसत नाही, ते वगळावे.

नोंद व मालकी

अशोकस्तंभाचे सिंह शाळेच्या चिन्हात घेण्याची हौस अनेक ठिकाणी दिसते. भारताचे राजचिन्ह अनुचित वापर प्रतिबंध अधिनियम, २००५ नुसार शासनाशी संबंध असल्याचा भास निर्माण करणारा असा वापर निषिद्ध आहे. मालकीचा प्रश्न त्याहून दुर्लक्षित आहे. स्वतंत्रपणे काम करणाऱ्या चित्रकाराने काढलेल्या रेखाटनाचा स्वामित्वहक्क सामान्यतः त्याच्याकडेच राहतो. पैसे दिले म्हणजे हक्क आला, ही समजूत धोक्याची आहे. प्रतिलिप्यधिकार अधिनियम, १९५७ नुसार हस्तांतरण लेखी व स्वाक्षरीत असावे लागते आणि मुदत नमूद नसेल तर ते केवळ पाच वर्षांपुरते मानले जाते. म्हणून हस्तांतरणपत्रात ‘प्रतिलिप्यधिकाराच्या संपूर्ण मुदतीसाठी’ असे शब्द घालावेत.

वर्णनवाक्य समितीच्या ठरावात शब्दशः नोंदवावे व ठराव क्रमांक मूळ रेखाटनाच्या मागे लिहावा. एक रंगीत, एक रेषांकित व एक शिक्क्यासाठीची अशा तीन प्रती कराव्यात. संगणकीय प्रत कितीही मोठी करता येईल अशा रेषास्वरूपात ठेवावी. किनाऱ्यावरील दमट हवेत कागदाला बुरशी व कसर लवकर लागते. त्यामुळे मूळ रेखाटनाची एक प्रत घाटावर किंवा शहरात विश्वस्तांपैकी कोणाकडे असणे हिताचे. नव्या मुद्रकाकडे मात्र जुना दाखला नमुना म्हणून कधीही देऊ नये. ठरावातील वाक्य आणि रेषांकित प्रत एवढेच द्यावे.