पिस्तुलं आडवी नकोत, उभी ठेवा

अमेरिकेतल्या दुकानातून ‘२४ बंदुकांची’ म्हणून विकत घेतलेली गन सेफ, म्हणजे बंदुका ठेवायची पोलादी तिजोरी, घरी येते आणि दहा-बारा नगांतच भरल्यासारखी दिसायला लागते. दुकानदार अगदीच खोटं बोललेला नसतो. तो आकडा लांब नळीच्या रायफली आणि शॉटगन दुर्बिणीशिवाय, एकमेकींना खेटून उभ्या केल्या तर किती मावतील याचा असतो. पिस्तुलं आणि रिव्हॉल्वर त्या हिशेबात धरलेलीच नसतात. ती वरच्या फळीवर एकावर एक रचली जातात आणि अडचण तिथून सुरू होते.

भारतात राहणाऱ्या परवानाधारकाला हा प्रश्न सहसा पडायचा नाही. १९५९च्या शस्त्र कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि सर्वसाधारण परवानाधारकाला बाळगता येणाऱ्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आली. पण टेक्सास किंवा ॲरिझोनात स्थायिक झालेल्या ज्या मराठी मंडळींना नेमबाजीचा छंद लागला आहे, त्यांच्या घरी पाच-सात हँडगन जमायला वेळ लागत नाही. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी.

जागा वाचवायची म्हणजे कोंबायचं, असा अर्थ आपण घेऊ नये. कसोटी एकच लावावी: कोणतंही एक पिस्तूल उचलताना दुसऱ्या कशालाही धक्का लागता कामा नये. त्यासाठी एखादा नग कमी मावला तरी चालेल.

सुरुवात तिजोरी पूर्ण रिकामी करण्यापासून. शांत वेळ निवडा, मुलं घरात नसतील तर उत्तम. एका टेबलावर जाड कापड पसरा आणि प्रत्येक पिस्तूल बाहेर काढताना त्याची नळी सुरक्षित दिशेला राहील असं पाहा. बोट चापापासून, म्हणजे ट्रिगरपासून, लांब ठेवा. ‘हे तर रिकामंच आहे’ असं ज्याच्याबद्दल वाटतं, तेही भरलेलं आहे असंच धरून चालायचं.

आता प्रत्येक पिस्तूल खरोखर रिकामं करायचं. इथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी मॅगझीन, म्हणजे मुठीत सरकवलेली गोळ्यांची डबी, बाहेर काढा. त्यानंतर स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ओढा. चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला गोळी बसते त्या पोकळीत, काडतूस असेल तर ते बाहेर पडेल. स्लाइड मागे अडकवून ठेवा, चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहा आणि करंगळीचं टोक घालून चाचपूनही बघा.

सर्वांत जास्त चूक याच ठिकाणी होते. घाईत माणूस आधी स्लाइड ओढतो, एक गोळी बाहेर पडलेली पाहतो, समाधानाने मॅगझीन काढतो आणि पिस्तूल रिकामं झालं असं समजतो. प्रत्यक्षात स्लाइड पुढे जाताना तिने मॅगझीनमधली पुढची गोळी चेंबरमध्ये नेऊन बसवलेली असते. मॅगझीन काढलं तरी ती तिथेच राहते. क्रम उलटा झाल्याची शंका जरी आली, तरी सगळं पहिल्यापासून करा.

रिव्हॉल्वरचं काम सोपं आहे. गोळ्या बसतात तो फिरता सिलिंडर बाजूला काढायचा, समोरची दांडी दाबून काडतुसं बाहेर पाडायची आणि सगळी भोकं मोजून रिकामी आहेत ना ते पाहायचं.

पुढची पायरी मोजमापाची. ती बहुतेक जण टाळतात आणि मग मागवलेलं सामान परत पाठवत बसतात. तिजोरीची आतली रुंदी, फळीची खोली, फळीची जाडी आणि दोन फळ्यांमधलं अंतर लिहून काढा. बाहेरच्या मापावर विसंबू नका. भिंतीतला आगरोधक थर आणि दारातली कड्यांची यंत्रणा बरीच जागा खातात.

मग पिस्तूल मोजा. उदाहरणादाखल ग्लॉक १९ घ्या. त्याची लांबी साधारण साडेअठरा सेंटीमीटर, मॅगझीनसकट उंची सुमारे तेरा आणि जाडी मात्र जेमतेम साडेतीन. म्हणजे पिस्तूल ही मुळात चपटी वस्तू आहे. आडवं ठेवलं तर ते फळीवरची भरपूर जागा अडवतं आणि वरची हवा फुकट जाते. ताटाळ्यात ताटं उभी लावतात तसं पिस्तूल उभं ठेवलं, की मधली फट धरूनही पाच-सहा सेंटीमीटरमध्ये एक बसतं. पंचेचाळीस सेंटीमीटरच्या फळीवर आडवी दोन-तीन मावत होती, तिथे सात-आठ मावतात. पुढचं सगळं या एका हिशेबावर उभं आहे.

उभं ठेवण्यासाठी रॅक मिळतात, फोमचे खाचा असलेले किंवा प्लास्टिकचं आवरण दिलेल्या तारेचे. रॅक असा लावा की मूठ आपल्याकडे आणि नळी मागच्या भिंतीकडे राहील. हात आत घालताना कोणत्याही नळीचं तोंड आपल्याकडे नको. खाचा अगदी जवळ असतील तर एकाआड एक वापरा. रिव्हॉल्वरचा सिलिंडर फुगीर असतो, त्याला टोकाची खाच द्या. नळीखाली टॉर्च किंवा वर रेड डॉट, म्हणजे नेमासाठीचा लाल ठिपका दाखवणारं उपकरण, बसवलेलं असेल तर तो नगही कडेलाच बरा.

रॅक भरला तरी फळीच्या खालची बाजू मोकळीच असते. तिच्यासाठी हँडगन हँगर नावाची साधी युक्ती आहे: प्लास्टिकचा थर दिलेली जाड तार वाकवून केलेला आकडा. त्याचं एक टोक फळीला अडकतं आणि दुसरं नळीच्या तोंडातून आत जातं. पिस्तूल फळीखाली लटकतं. वर रॅक, खाली हँगर अशी एकच फळी दोन फळ्यांचं काम करते. जागेच्या दृष्टीने याहून स्वस्त सोय मला तरी माहीत नाही.

मात्र तीन गोष्टी पाहूनच हँगर घ्या. फळी हँगरच्या तोंडात बसेल इतकीच जाड हवी, आणि तिच्यावर गालिचा चिकटवलेला असेल तर त्याचीही जाडी धरा. पॉइंट टू-टू कॅलिबरची, म्हणजे बारीक व्यासाची नळी असेल तर तार तितकी बारीक लागते. तारेवरचा थर उसवलेला असेल तर तो हँगर टाकून द्या, कारण उघडी तार नळीच्या तोंडाची कड खरवडते आणि नेम त्या कडेवर अवलंबून असतो. आणि हँगरवर चढणारं पिस्तूल रिकामंच हवं, याला अपवाद नाही.

लटकणारी ओळ आणि खालच्या फळीवरची उभी ओळ यांच्यासाठी दोन फळ्यांमध्ये साधारण पस्तीस सेंटीमीटर अंतर ठेवा. त्याहून कमी ठेवलं तर सगळं मावेल, पण हात जाणार नाही.

दाराच्या आतल्या बाजूला कप्प्यांचं कापडी पॅनेल लावता येतं. मला ते पिस्तुलांपेक्षा कागदपत्रं, कानसंरक्षक आणि रिकामी मॅगझिनं यांसाठी जास्त आवडतं. पिस्तूल ठेवायचंच असेल तर आधी कप्प्यात ठेवून दार हळूहळू लावून पाहा. फळीवरच्या मुठी आणि कप्प्यातल्या मुठी एकमेकींवर आदळतात आणि दार दोन बोटं उघडं राहतं, ही नेहमीची तक्रार आहे. जोर लावून दार बंद करू नका, फळीवरची ओळ मागे सरकवा.

गोळ्या वेगळ्या, कुलूपबंद डब्यात आणि शक्यतो तिजोरीबाहेर ठेवा. जागा वाचते, हा त्यातला लहान फायदा. आग लागली तर सुटं काडतूस फुटतं, पण नळी नसल्यामुळे गोळीला फारसा वेग मिळत नाही. भरलेल्या पिस्तुलातली गोळी तापून उडाली तर ती पूर्ण वेगाने बाहेर पडते, आणि समोर अग्निशमन दलाचा माणूस असू शकतो. स्वसंरक्षणासाठी एखादं पिस्तूल भरून ठेवत असाल, तर ते या संग्रहात मिसळू नका. त्याला स्वतंत्र, चटकन उघडणारी छोटी कुलूपपेटी द्या.

आता ओलावा. जागा झाली म्हणून माणूस खूश होतो आणि वर्षभराने स्लाइडवर तांबूस ठिपके सापडतात. अनेक गन सेफच्या भिंतीत आगीपासून बचावासाठी जिप्समचे तक्ते असतात. जिप्समच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा पाणी असतं. ते रासायनिक बंधात अडकलेलं असतं आणि आगीत वाफ होऊन उष्णता शोषतं. म्हणून तक्ते कामाचे, पण घट्ट बंद होणाऱ्या तिजोरीत बाहेरची दमट हवाही कोंडली जाते. ह्यूस्टन किंवा फ्लोरिडातला उन्हाळा रत्नागिरीच्या माणसाला वेगळा समजावून सांगायला नको.

त्यामुळे पिस्तुलं चामड्याच्या म्यानात, होल्स्टरमध्ये, ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि कमावताना वापरलेली रसायनं पोलादाला खातात. चेन लावायच्या मऊ पिशव्यांचंही तेच, शिवाय त्या दुप्पट जागा घेतात. उघडी, तेलाचा पातळ हात दिलेली आणि मध्ये हवा खेळेल अशी ठेवलेली पिस्तुलं सर्वांत सुखी. तेल पुसट हवं, ओघळणारं नको.

आर्द्रता मोजायला एक छोटा हायग्रोमीटर आत ठेवा आणि काटा पन्नास टक्क्यांच्या आसपास राहू द्या. वीज आत नेता येत असेल तर तळाशी मंद तापणारी दांडी बसवा. उबदार हवा वर चढते आणि आतल्या धातूवर दव धरत नाही. वीज नसेल तर सिलिका जेलचा डबा चालतो. त्यातले मणी रंग बदलतात तेव्हा ते भरलेले असतात आणि तापवून पुन्हा वापरता येतात. वर्षानुवर्षं तोच डबा तसाच पडून असणं, हे मी अनेक घरांत पाहिलं आहे. तो मग शोभेपुरता उरतो.

सगळं जागेवर लागलं की यादी करा: बनवणारी कंपनी, मॉडेल, सिरियल नंबर आणि प्रत्येकाचा एक फोटो. यादीची प्रत तिजोरीबाहेर ठेवा, कारण चोरीनंतर पोलिसांना आणि विमा कंपनीला तीच लागते.

तिजोरी जमिनीला बोल्टने आवळली नसेल तर ते काम आता करून घ्या. घरगुती गन सेफ बहुधा यूएल या चाचणीसंस्थेच्या ‘रेसिडेन्शियल सिक्युरिटी कंटेनर’ या वर्गात येतात, आणि त्या वर्गाची मूळ कसोटी साध्या हत्यारांपुढे पाच मिनिटं टिकण्याची आहे. तिजोरी आडवी पाडता आली तर चोराचं काम फारच सोपं होतं. राज्याचा कायदाही पाहून घ्या. मॅसॅच्युसेट्समध्ये १९९८पासून घरातली बंदूक कुलपात ठेवणं सक्तीचं आहे, तर काही राज्यांत तसा सरसकट नियम नाही.

इलेक्ट्रॉनिक कुलूप असेल तर त्याची बॅटरी दरवर्षी ठरलेल्या दिवशी बदला. अडीअडचणीची किल्ली मिळाली असेल तर ती मुलांच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी, पण तिजोरीच्या बाहेर ठेवा. बॅटरी संपल्यावर किल्ली आत असल्याचं आठवलेल्या माणसांमुळे कुलूपवाल्यांचा धंदा बरा चालतो.