‘पुण्याला हलवा’ म्हटल्यानंतर

शिरूर किंवा दौंड येथील एखाद्या रुग्णालयात रात्री-अपरात्री ‘पुण्याला हलवा’ हे दोन शब्द उच्चारले गेले की नातेवाइकांची एकच धांदल उडते. गाडी कोणती, पैसे कोणाकडून, घरी कोण थांबणार, पुण्यात ओळखीचे कोण आहे, या प्रश्नांत पहिला अर्धा तास निघून जातो. रुग्ण निघतो, त्याच्यामागे दोन माणसे निघतात, कपड्यांची पिशवी निघते. पुष्कळदा मागे राहते ती रुग्णाच्या प्रकृतीची हकीकत. त्याला काय झाले, काय दिले, किती दिले आणि किती वाजता दिले, एवढाच तिचा मजकूर असतो.

घोडनदीकाठच्या शिरूरहून पुणे पासष्ट-सत्तर किलोमीटर आहे आणि रांजणगाव, शिक्रापूर, वाघोली येथील वाहनांच्या गर्दीमुळे तेवढ्या अंतराला किती वेळ लागेल याचा भरवसा कोणी देऊ शकत नाही. दौंडहून अंतर थोडे अधिकच. शिवाय रुग्णाचा प्रवास तालुक्याच्या गावी सुरू होतो असेही नाही. आशा कार्यकर्ती, उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, तालुक्याचे रुग्णालय आणि मग ससून किंवा एखादे खासगी रुग्णालय, अशा चार-पाच हातांतून तो जातो. भोर समितीने १९४६ साली या पायऱ्यांची कल्पना मांडली, तिच्या आधारे पुढे इमारती उभ्या राहिल्या, पदे मंजूर झाली. एका पायरीवरून दुसरीवर चढताना माहिती कोणी कोणाच्या हाती द्यायची, ही बाब मात्र माणसांच्या भिडेवर सोडली गेली.

तिची किंमत काय असते, हे एका औषधाच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. गरोदरपणी रक्तदाब वाढून झटके येऊ लागले की मॅग्नेशियम सल्फेट द्यावे लागते. शासकीय सूचनांप्रमाणे उपकेंद्रातील आरोग्यसेविकेनेसुद्धा दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम अशी दहा ग्रॅमची पहिली मात्रा देऊन मगच बाईला पुढे पाठवायचे असते. सूचना शहाणपणाची आहे. परंतु हेच औषध प्रमाणाबाहेर गेले तर आधी गुडघ्यावर टकटक केल्यावर पाय उडेनासा होतो आणि नंतर श्वास मंदावू लागतो. आता ही बाई चिठ्ठीवाचून पुण्यात पोहोचली, तर तेथील डॉक्टरपुढे इकडे आड आणि तिकडे विहीर. मात्रा पुन्हा द्यावी तर श्वास थांबण्याचे भय, दिली असेल असे मानून थांबावे तर पुढच्या झटक्याचे. सोबतच्या सासूला विचारले तर ती एवढेच सांगू शकते की ‘सुई टोचली होती’.

या दोन्ही तालुक्यांत ऊस मुबलक, तेव्हा सर्पदंशही नवा नाही. सापाच्या विषावरील लस किती कुप्या गेली आणि पहिली कोणत्या वेळी गेली, यावर पुढचा निर्णय अवलंबून असतो. रक्त काचेच्या नळीत वीस मिनिटे ठेवून ते गोठते का हे पाहण्याची साधी चाचणी दर सहा तासांनी करावयाची असते. ते सहा तास कोठून मोजायचे, हे शिरूरचा कागदच सांगू शकतो. कीटकनाशक पोटात गेलेल्या शेतकऱ्याच्या विस्फारलेल्या बाहुल्या पाहून पुण्याच्या डॉक्टरला आधी किती ॲट्रोपिन दिले गेले हे कळणे तितकेच निकडीचे असते.

जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली रुग्णसुरक्षेचे जे नऊ उपाय जाहीर केले, त्यांत रुग्ण एका हातातून दुसऱ्या हातात सोपविताना होणाऱ्या संभाषणाला स्वतंत्र स्थान दिले. अमेरिका व कॅनडातील नऊ रुग्णालयांत तरुण डॉक्टरांना पाळी बदलताना ठराविक क्रमाने माहिती देण्याची शिस्त लावली गेली, तेव्हा वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी घटल्या, असे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. तिकडे रूढ झालेली अशीच एक पद्धत अमेरिकी आरमाराच्या अणुपाणबुड्यांवरून रुग्णालयात आली म्हणतात. दौंडकरांना इतक्या दूर जाण्याची गरज नाही. त्यांच्या गावात रेल्वेचे जंक्शन आहे. स्टेशनमास्तर पाळी संपली म्हणून नुसता उठून जात नाही. तो वहीत नोंद करून चार्ज देतो आणि येणारा सही करून तो घेतो. रुग्णालयातील परिचारिकाही वर्षानुवर्षे खाटेगणिक ‘रिपोर्ट’ देत आल्या आहेत. या बाबतीत त्यांची शिस्त डॉक्टरांपेक्षा जुनी आहे, हे मान्य करण्यात कोणाला कमीपणा वाटू नये.

कायदा याबाबत मुका नाही. अपघातात जखमी झालेल्या एका स्कूटरस्वाराला पोलीस प्रकरण म्हणून २० किलोमीटर दूरच्या रुग्णालयाची वाट दाखविली गेली आणि वाटेतच त्याचे प्राण गेले. त्या बातमीवरून परमानंद कटारा यांनी केलेल्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली, आधी उपचार आणि मग सोपस्कार, असा निर्वाळा दिला. महाराष्ट्राच्या शुश्रूषागृहांविषयीच्या २०२१ च्या नियमांनी पुढचे पाऊल टाकून, तातडीच्या रुग्णाला प्राथमिक उपचार देऊन उपचारांच्या टिपणासह पुढे पाठविण्याचे बंधन घातले.

तरीही चिठ्ठी का निघत नाही? रात्रपाळीला एकच डॉक्टर आणि दारात आणखी दोन रुग्ण, हे एक कारण. लिहिलेले उद्या आपल्याच अंगावर येईल, ही भीती हे दुसरे, आणि ते अधिक खोल आहे. नातेवाइकांनी ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ म्हणून सही करून रुग्ण नेला, तर रागापोटी कागद अडविला जातो. तो राग समजण्यासारखा असला तरी त्याची शिक्षा रुग्णाला होते. दोष एकट्या तालुक्याच्या माथी मारणे मात्र अन्यायाचे ठरेल. खेड्यातून आलेली चिठ्ठी न वाचताच बाजूला सारून सर्व तपासण्या नव्याने सुरू करण्याची सवय शहरात कमी नाही, आणि आपले लिहिणे कोणी वाचत नाही हे एकदा उमगले की लिहिणाऱ्याचा हातही आखडतो.

२०१४ पासून धावणाऱ्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेत डॉक्टर असतो, तेव्हा निदान तो तोंडी हकीकत सांगू शकतो. खासगी गाडीत चालकाशिवाय कोणी नसते. अशा वेळी केसपेपरचे मोबाइलवर छायाचित्र काढून घेणारा कॉलेजात जाणारा पुतण्या अनेकदा यंत्रणेहून अधिक उपयोगी पडतो. छापील तक्ता, त्याची कार्बन प्रत, निघण्यापूर्वी पुण्याला एक दूरध्वनी आणि ऐकणाऱ्याने औषधाची मात्रा उलट म्हणून दाखविणे, यांपैकी एकाही गोष्टीला नवीन इमारत लागत नाही. लागतो तो पलीकडे दूरध्वनी उचलणारा माणूस, आणि त्याचे नाव व क्रमांक शिरूर-दौंडच्या भिंतीवर लावलेला असणे.

परतीच्या प्रवासाकडे तर कोणाचेच लक्ष नाही. बरा होऊन आलेल्या रुग्णाच्या हाती इंग्रजीतला लांबलचक कागद असतो. टाके केव्हा काढायचे, रक्तदाबाची कोणती गोळी चालू ठेवायची, हे त्यात लिहिलेले असते. पण तो प्राथमिक आरोग्य केंद्राच्या टेबलावर पोहोचण्याऐवजी घरातल्या फडताळात, लाइटबिलांच्या खाली जाऊन पडतो.