मुरगळलेला घोटा खरोखर बरा झाला का?

नांदेड काय नि लातूर काय, शालेय स्पर्धा जवळ आल्या की बास्केटबॉलच्या मैदानाकडेला घोट्याला पट्टी बांधून बसलेला एखादा तरी खेळाडू दिसतोच. चेंडूसाठी उंच उडी मारली, खाली येताना पाऊल दुसऱ्याच्या बुटावर पडले आणि आत वळले. झाले! मग हळदीचा लेप, चार दिवस विश्रांती. सूज उतरली की स्वारी पुन्हा मैदानात. महिन्याभरात तोच पाय पुन्हा मुरगळतो. तोच का बरे?

घोट्याच्या बाहेरच्या अंगाला तीन अस्थिबंध, म्हणजे हाडाला हाड बांधणारे चिवट पट्टे, असतात. पाऊल आत वळले की त्यांतला पुढचा, सर्वांत दुबळा पट्टा बहुधा आधी फाटतो. तो लांबट भरून आला तर सांधा ढिला राहतो. पण पुष्कळांचा सांधा तपासल्यावर घट्ट निघतो, आणि तरीही पाय दगा देतो! 1965 साली फ्रीमन या ब्रिटिश शल्यविशारदाने याचे कारण सुचवले. अस्थिबंधांत मज्जातंतूंची सूक्ष्म टोके असतात. डोळे मिटूनही पाऊल कसे टेकले आहे हे तुम्हांला कळते, त्यात त्यांचा वाटा असतो. पट्ट्याबरोबर तीही दुखावतात. बातमी नीट पोचत नाही आणि स्नायू पाऊल सावरीपर्यंत शरीराचा भार त्यावर येऊन पडलेला असतो. स्नायू आणि मेंदू यांच्या कामातही बदल होतो, हे पुढे दिसून आले.

ऑस्ट्रेलियातील बास्केटबॉलपटूंच्या 2001 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, पूर्वी घोटा दुखावलेल्यांना पुन्हा दुखापत होण्याचा धोका जवळजवळ पाचपट आढळला. म्हणून 'दुखत नाही' एवढ्यावर विसंबणे मला पटत नाही. मोजले पाहिजे.

ताज्या दुखापतीत मात्र कसलीही चाचणी नको. चार पावलेही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या उंचवट्याच्या हाडावर दाबताच कळ येत असेल, तर डॉक्टरांकडे जाऊन एक्स-रे काढण्याविषयी विचारा. टाच पुढे ओढून सांध्याचा ढिलेपणा पाहणे हेही डॉक्टरांचे किंवा भौतिकोपचारतज्ज्ञांचे काम. मित्रांनी ओढाताण करू नये.

सूज आणि वेदना गेल्यावर ही चाचणी शिक्षकांसमोर करता येईल. फरशीवर खडूने इंग्रजी 'वाय' अक्षर काढा: एक रेघ पुढे, दोन तिरप्या मागे. मध्यावर अनवाणी एका पायावर उभे राहा, हात कमरेवर ठेवा. दुसऱ्या पायाचा अंगठा प्रत्येक रेघेवर जाईल तितका लांब न्या, हलकेच टेकवा आणि तोल न जाता परत आणा. टाच उचलली तर तो प्रयत्न बाद! थोडा सराव करून प्रत्येक दिशेला तीनदा मोजा. मग पाय बदला. परीक्षा उभ्या पायाची आहे, हे विसरू नका. अमेरिकेत 235 शालेय बास्केटबॉलपटूंची अशीच चाचणी घेतली गेली (2006). पुढच्या दिशेतील दोन्ही पायांचा फरक 4 सेंटिमीटरपेक्षा जास्त असलेल्यांना पायाच्या दुखापतीचा धोका सुमारे अडीचपट निघाला. अर्थात हा आकडा निदान नव्हे, इशारा आहे.

फरक मोठा आला तर? उपाय साधा, पण कंटाळवाणा: दुखऱ्या पायावर उभे राहून मित्राशी चेंडूची देवघेव, मग तेच घडी घातलेल्या घोंगडीवर, आणि शेवटी लंगडी घालत दिशा बदलणे. हे काही आठवडे रोज करा आणि मग त्याच रेघांवर पुन्हा मोजा.