राममंदिराच्या भिंतीवरचा घोडेस्वार

कुलाबा जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड फिरतीवर असताना अलिबागजवळच्या सासवणे गावी आले आणि राममंदिराच्या भिंतीपाशी थबकले. भिंतीवर अश्वारूढ शिवाजी महाराजांचे चित्र होते.

काळ विसाव्या शतकाच्या आरंभीचा. शिवाजी उत्सवासंबंधी ‘केसरी’त छापलेल्या मजकुरावरून १८९७ साली टिळकांना राजद्रोहाची शिक्षा झालेली. अशा दिवसांत गोऱ्या अधिकाऱ्याने शिवरायांच्या चित्राचा कर्ता कोण हे विचारावे, म्हणजे धास्तीचीच गोष्ट. पण रॉथफील्ड कलेचे जाणकार होते. त्यांना गुन्हेगार नको होता, चित्रकार हवा होता.

तो निघाला गावातलाच एक मुलगा, विनायक पांडुरंग करमरकर. घरात गणपती घडत, त्यामुळे मातीशी हात लहानपणीच जुळलेला. रॉथफील्ड यांनी त्याला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकण्याची वाट करून दिली. तिथून विनायक कलकत्त्याला गेला, आणि पुढे लंडनच्या रॉयल अकादमीत.

इकडे पुण्यात एक स्मारक अडून बसले होते. कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या पुढाकाराने १९ नोव्हेंबर १९२१ रोजी इंग्लंडच्या युवराजाने शिवस्मारकाची कोनशिला बसवली. पुढच्याच वर्षी शाहू महाराज गेले. कामाला बळ देणारे ग्वाल्हेरचे माधवराव शिंदेही १९२५ साली गेले. अखेर स्मारकातल्या महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचे काम करमरकरांकडे आले.

आता खरी कसोटी घोड्याची होती. सुमारे साडेतेरा फूट उंचीचा आणि आठ टन वजनाचा ब्राँझचा पुतळा. सारा भार घोड्याच्या बारीक पायांवर. एवढे काम तुकड्यांत ओतून जोडणे सोयीचे, पण करमरकरांनी ते एकसंध ओतायचे ठरवले, आणि तेही मुंबईत, माझगावच्या कारखान्यात. वितळलेला धातू थंड होण्याआधी साच्याच्या कानाकोपऱ्यांत पोचला पाहिजे; वाटेत हवा अडली तर तिथे पोकळी राहते. तुकडा बिघडला तर तेवढाच पुन्हा ओतता येतो. इथे एक चूक म्हणजे अख्खा पुतळा वाया.

ओतकाम साधले. १६ जून १९२८ रोजी मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते पुण्यात पुतळ्याचे अनावरण झाले. १६६४ साली महाराज सुरतेवर चालून गेले, तेव्हा तिथल्या इंग्रजांचा प्रमुख ऑक्झिंडन आणि त्याची माणसे आपली वखार लढवत होती. त्याच इंग्रजांचा गव्हर्नर आता महाराजांच्या पुतळ्यावरचा पडदा दूर करत होता!

करमरकरांना मोठे केले ते त्यांच्या हातांनी. पण ते हात हेरले एका अधिकाऱ्याने, आणि त्यासाठी त्याने केले ते एवढेच, की चित्र पाहून पुढे न जाता चित्रकाराचे नाव विचारले. शिवाजीनगरच्या श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलमध्ये तो पुतळा आजही उभा आहे, आणि सासवण्यात करमरकरांचे शिल्पसंग्रहालय आहे. अलिबागला समुद्र पाहायला जाणाऱ्यांनी तिथेही वाट वाकडी करावी.