बायसेक्शुअल की पॅनसेक्शुअल?

बायसेक्शुअल (उभयलैंगिक) : एकाहून अधिक लिंगभावांच्या व्यक्तींविषयी आकर्षण. ते सर्वांविषयी सारखेच किंवा एकाच वेळी असेल असे नाही. ट्रान्स व्यक्तींविषयीचे आकर्षणही यात येते. त्यांना वगळले जाते हा गैरसमज.

पॅनसेक्शुअल : आकर्षण वाटताना समोरच्याचा लिंगभाव हा निकष नसतो.

सीमा पुसट आहे. काही जण दोन्ही नावे लावतात. जोडीदारावरून ओळख बदलत नाही : स्त्रीशी लग्न केलेला उभयलैंगिक पुरुष उभयलैंगिकच राहतो. बायसेक्शुअल व पॅनसेक्शुअल हे दोन्ही लैंगिक कल. ट्रान्सजेंडर ही लिंगभावाची ओळख.

झेंडे : बायसेक्शुअल – गुलाबी, जांभळा, निळा (मायकेल पेज, १९९८). पॅनसेक्शुअल – गुलाबी, पिवळा, आकाशी (२०१०च्या सुमारास).

समलिंगी व उभयलैंगिक समुदायासाठी महाराष्ट्रात
• १९९० : मुंबईत ‘बॉम्बे दोस्त’ नियतकालिक.
• १९९५ : मुंबईत समलिंगी व उभयलैंगिक स्त्रियांचा ‘स्त्री संगम’ गट, पुढे ‘लेबिया’.
• २००२ : पुण्यात समपथिक ट्रस्ट.

कायदा : ६ सप्टेंबर २०१८ पासून प्रौढांचे संमतीने असलेले समलिंगी संबंध गुन्हा नाहीत. समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता नाही (सर्वोच्च न्यायालय, १७ ऑक्टोबर २०२३).

कोणाशी बोलायचे तर : टेलि-मानस (मानसिक आरोग्य हेल्पलाइन), १४४१६. मोफत, २४ तास, मराठीतही.