मालक एकच, खिसे दोन

नोव्हेंबर २००८. जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायस्लर या तिन्ही कंपन्यांचे प्रमुख सरकारी मदत मागायला वॉशिंग्टनला आले, तेही वेगवेगळ्या खासगी विमानांनी. खासदारांनी त्यांना चांगलेच सोलून काढले. पुढच्या महिन्यात तिघेही मोटारीने हजर! वर्तमानपत्रांना एवढा मसाला पुरला. पण क्रायस्लरच्या रॉबर्ट नार्डेलींना विचारण्याजोगा प्रश्न वेगळाच होता. बाकी दोन कंपन्यांचे शेअर बाजारात होते. क्रायस्लरला मात्र मालक होता, आणि तो चांगला गबर होता.

सर्बेरस ही न्यूयॉर्कची प्रायव्हेट इक्विटी संस्था. पेन्शन फंडांचा, धनाढ्यांचा पैसा गोळा करायचा, अडचणीतली कंपनी घ्यायची, सुधारून विकायची, हा तिचा धंदा. जर्मन मोटार कंपनी डेमलरने १९९८ मध्ये सुमारे ३६ अब्ज डॉलरना घेतलेल्या क्रायस्लरचा ८०.१ टक्के हिस्सा २००७ मध्ये सर्बेरसने ७.४ अब्जांच्या व्यवहारात मिळवला. संस्थेचे तेव्हाचे अध्यक्ष जॉन स्नो. हे गृहस्थ २००६ पर्यंत अमेरिकेचे अर्थमंत्री होते, म्हणजे पुढे ज्या खात्याकडे हात पसरायचा त्याच खात्याचे माजी प्रमुख.

मालकाकडे अब्जावधी असताना झळ करदात्याने का सोसायची? सर्बेरसचे म्हणणे असे, की फंडातला पैसा गुंतवणूकदारांचा आहे आणि एकाच कंपनीत किती ओतायचा याला करारानेच मर्यादा आहे. कायद्याने हे बरोबरच होते. नफा वाटून घेताना मालक एक असतो; पैसे घालायची वेळ आली की प्रत्येक फंड वेगळा आणि प्रत्येक कंपनी वेगळी!

जानेवारी २००९ मध्ये क्रायस्लरला ४ अब्जांचे कर्ज मिळाले, तिच्या वित्तपुरवठा शाखेला, म्हणजे क्रायस्लर फायनान्शियलला, वेगळे दीड अब्ज. ३० एप्रिलला क्रायस्लर दिवाळखोरीत गेली. कारखाना फिआटच्या साथीने उभ्या राहिलेल्या नव्या कंपनीकडे आला आणि क्रायस्लरमधला सर्बेरसचा हिस्सा शून्य झाला. तारण घेऊन कर्ज दिलेल्यांना डॉलरमागे २९ सेंट मिळाले. त्यांत इंडियाना राज्यातल्या शिक्षकांचे आणि पोलिसांचे पेन्शन फंडही होते. इथवर शिक्षा योग्य वाटते. उद्योग वाचवावा, मालकाला वाचवू नये.

पण वित्तपुरवठा शाखा सर्बेरसकडेच राहिली. तिने आपले दीड अब्ज त्याच जुलैत फेडले, हे मान्य करायला हवे. मेख ४ अब्जांच्या कर्जात होती. ते थकले, तर या शाखेकडून तिच्या मूळ कंपनीला मिळणाऱ्या रकमेतले सुमारे १.४ अब्ज किंवा ४० टक्के, यातले जे जास्त असेल ते, काही वजावटींनंतर सरकारला मिळायचे होते. मे २०१० मध्ये सरकारने १.९ अब्ज घेऊन हिशेब मिटवला. अपेक्षेपेक्षा जास्त वसूल झाले म्हणून अर्थखाते खूश होते. त्याच डिसेंबरात कॅनडाच्या टीडी बँकेने ही शाखा सुमारे ६.३ अब्जांना घेण्याचे जाहीर केले. आणखी सात महिने कळ काढली असती, तर निदान वाटाघाटीत सरकारचा हात वर राहिला असता. क्रायस्लरच्या एकूण मदतीत करदात्यांचे सुमारे १.३ अब्ज बुडाले.

कोविडच्या वेळी, २०२० मध्ये, लघुउद्योगांसाठीच्या कर्जमाफी योजनेत अमेरिकेने थोडे शहाणपण दाखवले. प्रायव्हेट इक्विटी संस्था स्वतः अपात्र ठरल्या. त्यांच्या ताब्यातल्या कंपन्यांचे कामगार मात्र एकत्र मोजायचे, आणि ते सहसा ५०० च्या मर्यादेवर जात. मालक एकच आहे, हे कागदोपत्री मान्य झाले होते. या एकत्र मोजणीतून हॉटेले आणि रेस्टॉरंट्स मात्र वगळण्यात आली.