पाय चालतात, तरीही चाकं

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात ॲलन थीम नावाचे गृहस्थ नळजोडणीची कामं घेत असत. त्यांच्या पत्नी मारी यांना मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) झाला. त्या काळी बाजारात मिळत होत्या त्या हातांनी फिरवायच्या खुर्च्या, नाहीतर अवजड विजेच्या खुर्च्या. थीम यांनी 1968 साली पत्नीसाठी तीन चाकांची, बॅटरीवर चालणारी, हँडल धरून बसायची लहानशी गाडी बनवली. तिचं नाव अमिगो. आज आपण जिला मोबिलिटी स्कूटर म्हणतो तिचा इतिहास साधारण इथूनच सांगितला जातो. बरोबर शंभर वर्षं आधी, 1868 साली, पॅरिसमध्ये शार्को या डॉक्टरांनी या आजाराचं पहिलं सविस्तर वर्णन केलं होतं.

म्हणजे ही गाडी एमएस असलेल्या एका बाईसाठीच जन्माला आली. तरीही आपल्याकडे एमएस झालेल्या तरुण मुलीने स्कूटरचं नाव काढलं की घरात पहिलं वाक्य येतं, "आतापासूनच कशाला? सवय लागेल." बोलणाऱ्याच्या मनात काळजीच असते. पण ते चुकीचं आहे, आणि का चुकीचं आहे हे कळण्यासाठी आजार थोडा समजून घ्यावा लागतो.

मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवर मायलिनचं आवरण असतं. एमएसमध्ये शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच त्या आवरणावर हल्ला करते. संदेश अडखळतो, उशिरा पोचतो किंवा पोचतच नाही. आजार बहुधा विशीपासून चाळिशीपर्यंतच्या वयात उघड होतो आणि पुरुषांपेक्षा बायकांमध्ये जास्त आढळतो. पाऊल ओढलं जातं, तोल जातो, हात थरथरतो, एकाच्या दोन वस्तू दिसतात. त्यात सगळ्यांत कमी दिसणारी आणि सगळ्यांत जास्त छळणारी गोष्ट म्हणजे थकवा. रात्रभर झोपूनही तो जात नाही. सकाळी भाजी घेऊन आलेली बाई दुपारी न्हाणीघरापर्यंत भिंतीला धरून जाते. शेजारी म्हणतात, "काल तर चांगली चालत होती." हो, चालत होती. कालची ताकद काल संपली.

डॉक्टर ज्या मोजपट्टीवर हा आजार मोजतात ती कुर्त्झके यांनी 1983 साली मांडली, शून्य ते दहा. तिच्यातल्या सहाच्या पायरीवर माणूस काठी घेऊन साधारण शंभर मीटर जाऊ शकतो. पण शंभर मीटर गेलेल्या माणसाला परत शंभर मीटर यायचं असतं, आणि मध्ये बँकेच्या रांगेत उभं राहायचं असतं. स्कूटरचा खरा उपयोग या हिशेबात आहे. पाय निकामी झाले म्हणून ती घ्यायची नसते. पायांतली ताकद रस्त्यावर न सांडता घरात, व्यायामात, मुलाच्या शाळेच्या जिन्यावर वापरता यावी म्हणून ती घ्यायची. फिजिओथेरपी चालू ठेवायचीच, घरातल्या घरात चालायचंच. सवय लागण्याची भीती खरी ठरते ती व्यायाम सोडणाऱ्यांच्या बाबतीत. तिचा दोष गाडीला नाही.

तेव्हा निवडताना पहिला नियम माझ्या मते हा: गाडी आपल्या चांगल्या सकाळसाठी बघू नये, वाईट दुपारसाठी बघावी. दुकानात आपण जातो तोच मुळात बरा दिवस असतो. त्या दिवशी प्रत्येक हँडल हलकं लागतं आणि प्रत्येक सीट सोयीची वाटते.

हातांपासून सुरुवात करावी. स्कूटर चालते ती हँडलखालच्या एका खटक्यावर. दाबला की गाडी पुढे जाते, सोडला की विद्युतचुंबकीय ब्रेक लागून थांबते. निरोगी माणसाला हे फार सुरक्षित वाटतं. पण ज्यांच्या बोटांना बधिरता आहे त्यांना आपण किती दाबतोय ते कळत नाही, आणि ज्यांचे स्नायू अचानक आखडतात त्यांची बोटं खटक्यावरून सुटतच नाहीत. म्हणून खटका अंगठ्याने दाबायचा की बोटांनी ओढायचा, तो उजव्या हातावरून डाव्या हातावर बदलून घेता येतो का, वेगमर्यादेचं बटण किती खाली आणता येतं, आणि किल्ली बसल्या जागेवरून झटकन फिरवता येते का, हे चारही नीट तपासावं. बंद कड्यासारखं गोल वळवलेलं हँडल मिळालं तर मनगट टेकवता येतं आणि थकलेल्या हातालाही ते पेलतं. नजरेचा त्रास असेल तर गाडी घेण्याआधी नेत्रतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा, हे सांगायला कोणताही विक्रेता येणार नाही.

आणि दंड उचलून हँडल धरून ठेवणंच जमत नसेल, पाठ सरळ राहत नसेल, तर स्कूटर घेऊ नये. तिथे जॉयस्टिकवर चालणारी विजेची खुर्ची हवी. एमएस पुढे सरकू शकतो, म्हणून पुढच्या दोन-तीन वर्षांबद्दल आपल्या न्यूरॉलॉजिस्टशी आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टशी स्पष्ट बोलून मगच एवढे पैसे घालावेत.

तीन चाकं की चार? तीन चाकांची गाडी कमी जागेत वळते, पाय ठेवायला ऐसपैस जागा मिळते, पण उतारावर आडवी वळवली तर कलंडायची भीती जास्त. चार चाकांची गाडी स्थिर असते आणि अरुंद पॅसेजमध्ये अडते. ज्यांचा तोल जातो त्यांनी बाहेरच्या वापरासाठी चार चाकांचीच घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

यानंतर गाडी बाजूला ठेवून मोजपट्टी हातात घ्यायची. जुन्या इमारतीतल्या लिफ्टची आतली खोली कित्येकदा मीटरभरच असते, आणि लहानातली लहान स्कूटरही साधारण तेवढीच लांब भरते. जाळीच्या दाराची लिफ्ट असेल तर बसल्या बसल्या दोन्ही दारं ओढता आली पाहिजेत. दारातल्या पायऱ्यांवर रॅम्प करून घ्यायचा तर एकास बारा हे प्रमाण धरतात: पायऱ्या मिळून 45 सेंटिमीटर उंच असतील तर रॅम्प 5 मीटर 40 सेंटिमीटर लांब हवा. हा चढ पाच अंशांच्या आतला. सोसायट्यांमध्ये स्कूटी चढवायला केलेले रॅम्प याच्या दुप्पट उभे असतात, आणि लहान स्कूटरची क्षमता अनेकदा सहा-आठ अंशांचीच असते. गाडीच्या माहितीपत्रकात हा आकडा दिलेला असतो. तो वेगाच्या आकड्याआधी वाचावा. गाडीचं पोट जमिनीपासून किती उंच आहे तेही बघावं, कारण आपल्या रस्त्यांवर गतिरोधक आहेत आणि घराला उंबरठे आहेत.

फुटपाथची गोष्ट रागाने लिहावी अशीच आहे. दुचाक्या चढू नयेत म्हणून टोकाला खांब रोवतात, आणि दोन खांबांमधून चाकाची खुर्चीही जात नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 2023 साली एका नागरिकाच्या पत्रावरून या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. तोवर आणि त्यानंतरही खुर्चीवरचा माणूस गाड्यांच्या रस्त्यावरूनच जातो. ताशी सहा-आठ किलोमीटरची मोबिलिटी स्कूटर त्या रहदारीसाठी बनलेलीच नाही. सोसायटीचं आवार, बाग, मॉल, रुग्णालय, कार्यालय हा तिचा मुलूख. बाजारापर्यंत रस्त्यानेच जावं लागत असेल आणि हातांत ताकद असेल, तर आयआयटी मद्रासमध्ये विकसित झालेल्या नियोबोल्टसारखा पर्याय बघावा. खुर्चीच्या पुढे हा मोटरचा भाग जोडतात, आणि त्याचा वेग ताशी 25 किलोमीटरपर्यंत जातो.

आपल्या हवेचा विचार परदेशी माहितीपत्रकात सापडत नाही. अंग तापलं की एमएसची लक्षणं तात्पुरती बळावतात. जर्मन नेत्रवैद्य ऊटहॉफ यांनी 1890 साली हे नोंदवलं. म्हणजे अकोल्या-नागपुरात एप्रिलच्या दुपारी स्कूटर असूनही बाहेर पडणं शहाणपणाचं नाही. गाडीवर छत बसवता येतं का ते विचारावं, पाण्याची बाटली आणि ओला पंचा ठेवायला टोपली असावी, बाहेरची कामं सकाळी उरकावीत. काळं रेक्झिनचं सीट उन्हात तापतं, त्यावर सुती अभ्रा घालावा. कोकणात प्रश्न उलटा. बहुतेक स्कूटरचे विजेचे जोड साचलेल्या पाण्यासाठी केलेले नसतात, त्यामुळे जून ते सप्टेंबर गाडी ठेवायला कोरडी जागा आणि जवळ चार्जिंगचा प्लग लागतो. पार्किंगमध्ये प्लग घ्यायचा तर सोसायटीची परवानगी आधीच लेखी घ्यावी.

ती मागताना संकोच नको. 1995 च्या अपंगत्वाच्या कायद्यात एमएसचं नाव नव्हतं. 2016 च्या कायद्याने मान्य केलेल्या 21 प्रकारांत ते आलं. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढून ठेवलं की सवलत, रॅम्प, राखीव जागा यांबद्दल बोलताना हातात कागद असतो. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था 1985 पासून काम करते आहे. तिच्यामार्फत स्कूटर वापरणारं कुणी भेटलं तर त्यांच्याशी तासभर बोलावं. विक्रेत्याच्या आधी तेच बरं.

बॅटरीचंही आधीच ठरवावं. शिशाच्या बॅटऱ्या स्वस्त पण जड, लिथियमच्या हलक्या पण महाग. गाडी सुटी करून मोटारीच्या डिकीत टाकायची असेल तर सगळ्यांत जड भागाचं वजन विचारावं, कारण तो उचलणार बहुधा साठीतले वडील असतात. विमानाने जायचं असेल तर काढता येणारी लिथियम बॅटरी 300 वॅट-तासांच्या आत हवी. व्होल्टला अँपिअर-तासांनी गुणलं की आकडा मिळतो: 24 व्होल्ट आणि 12 अँपिअर-तास म्हणजे 288, चालेल. 24 आणि 20 म्हणजे 480, नाही चालणार. विमान कंपनीला तिकिटाच्या वेळीच कळवावं.

शेवटी, गाडी दुकानाच्या गुळगुळीत फरशीवर चालवून बघू नये. ती आपल्या इमारतीत आणायला सांगावी, तीही दुपारी, दिवसाची कामं उरकून आपण दमलेलो असताना. लिफ्टमध्ये शिरावं, उलटं बाहेर यावं, रॅम्प चढावा, सीटवरून स्वतःचं स्वतः उठून परत बसावं. विक्रेता याला तयार नसेल तर दुसरा शोधावा. दुरुस्तीला माणूस आपल्या गावात येतो का, हेही त्याच भेटीत कळतं.